तिऱ्हाईत

आमच्या घरात वस्तूंच्या दोनच जाती: ‘कंपनीची’ आणि ‘बाहेरची’. मिक्सरचं भांडं, कुकरची रिंग, स्कूटरचा आरसा, काहीही घरात आलं की बाबा पेपरमधून डोकं न काढता विचारतात, “कंपनीचं का बाहेरचं?” आणि ‘बाहेरचं’ म्हटलं की नुसतं “हं” करतात. त्या “हं”मध्ये पुढच्या सहा महिन्यांचं भविष्य असतं.

2012 साली मी कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स शोधत होते. कॅमेरा निकॉनचा, डी3100. त्याच्याबरोबर खोक्यात आलेल्या 18-55च्या लेन्सनं बारशी, मुंजी, गणपती सगळं निभावलं होतं. पण समोरच्या उंबरावरचा तांबट पक्षी तिच्यातून बघितला, की उंबराचंच एखादं जास्तीचं पान वाटायचा. लेन्सवरचा हा मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. मला 300 मिलिमीटरपर्यंत जायचं होतं. निकॉनची स्वतःची, हाताची थरथर सावरणारी 70-300 होती, पण तिच्या किमतीत दुसरा कॅमेरा आला असता. टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या साध्या 70-300 साधारण तिच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत होत्या.

“नकली?” बाबा.

“नकली नाही हो बाबा. थर्ड पार्टी.”

हा शब्द आमच्याकडे तोवर फक्त स्कूटरच्या विम्यात ऐकलेला. मग मी सांगत बसले, की या दोन्ही जपानीच कंपन्या. टॅमरॉनची सुरुवात 1950ची, आणि नाव तामुरा नावाच्या भिंगांच्या इंजिनिअरवरून पडलेलं. सिग्मा 1961ची, तिचा कारखाना आइझूला. फक्त यांच्या लेन्स दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांना बसतात. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तिऱ्हाईत.”

इतका नेमका शब्द मला तीन आठवड्यांच्या वाचनात सापडला नव्हता. तिऱ्हाईत माणूस घरात वावरतो, पण कुणी त्याला कपाटाच्या किल्ल्या देत नाही. या लेन्सचंही तसंच. कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी कुठल्या खुणांनी बोलतात, हे या कंपन्यांना तेव्हा बऱ्याचदा बाहेरून ताडावं लागायचं. उद्या कॅमेऱ्याचं नवीन मॉडेल आलं आणि खुणा जराशा बदलल्या, तर तिऱ्हाईत दारातच अडकायचा.

माझी तर आधीच अडकणार होती. मुंबईत फोर्टात, बोरा बाजाराच्या बाजूला, एका दुकानात मला ठरवलेल्यापेक्षा हजारभर रुपयांनी स्वस्त लेन्स दाखवली. नाव तेच, खोकं तेच. कॅमेऱ्याला लावली, फिरवली, खट्ट आवाज करून बसलीसुद्धा. बटण अर्धं दाबलं तर काहीच हलेना. डी3100च्या पोटात फोकस करणारी मोटर नसते, ती लेन्समध्येच असावी लागते, आणि ही जुन्या घडणीची, बिनमोटरची होती. निकॉनच्या महागड्या बॉडीवर ती सुरळीत चालली असती. “हाताने फिरवायची, मॅडम, सवय होते,” दुकानदार म्हणाला. मी मोटरवालीच मागितली. मग पुढचा प्रश्न आला: बिलासकट की बिलाशिवाय? बिलाशिवाय आणखी थोडी उतरत होती, पण मग वॉरंटी देवाच्या भरवशावर. एक बाहेरची वस्तू आणखी बाहेरून कशाला घ्या, म्हणून बिल घेतलं. दोघींपैकी कुठली घेतली ते सांगत नाही. दोन्हीकडची भक्तमंडळी हळवी आहेत.

त्या हिवाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरला गेलो. भिगवणजवळ कुंभारगावला पहाटे होडीत बसलो, आणि थोड्या वेळानं समोर खरोखर रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा, चोची पाण्यात बुडवून उभा. डी3100चा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान, त्यामुळे त्याच्यावर 300 मिलिमीटरची चौकट 450सारखी दिसते. म्हणजे पक्षी दीडपट मोठा आणि हाताची थरथरही दीडपट मोठी. एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून सावकाश शटर चालवलं तर चित्र हललंच समजा, आणि पहाटेच्या उजेडात ही लेन्स तेवढा प्रकाश आत घेत नाही. त्यात होडी डुलतेय, होडीवाला “घ्या ताई, आता घ्या” म्हणतोय, आणि मोटर मात्र पीठ चाळल्यासारखा आवाज करत पुढे-मागे रवंथ करतेय. दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहिले तर बहुतेकांत गुलाबी ठिपके. जे चार बरे होते, त्यांत रोहिताच्या पांढऱ्या मानेला जांभळी किनार आलेली. साडीला शोभली असती.

“हं,” बाबा म्हणाले.

सरावानं कळत गेलं, की 300पर्यंत ताणण्यापेक्षा 250ला थांबावं, प्रकाश आत घेणारं छिद्र एफ 8पर्यंत बारीक करावं, भर उन्हात जावं. पण भर उन्हात पक्षी सावलीला जातात. पावसाळा आला तशी लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात गेली. भिंगावर बुरशी धरली, की कंपनीची आणि बाहेरची सगळ्या सारख्याच कामातून जातात.

तिच्या अंगावर एक बटण होतं, ‘मॅक्रो’, म्हणजे जवळचं बारीकसारीक मोठं करून टिपण्यासाठी. खोक्यावर ते ठळक छापलेलं. मी विकत घेताना ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण मला लांबचं हवं होतं. श्रावणात बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं, आणि ते चाललं. कॉमन मॉरमॉनची अळी. महाराष्ट्रानं 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनची ही चुलत बहीण. रोज बघत गेले. आठवडाभरात अळी हिरवीगार, गुबगुबीत झाली. कठड्यावर टॉवेलची घडी, त्यावर लेन्स, बटण मॅक्रोवर. या लेन्सला 95 सेंटिमीटरवरून फोकस जमतो, तेवढ्या अंतरावर अळी बिचकत नाही. आणि चार-साडेचार सेंटिमीटरची वस्तू चौकट भरून टाकते. मोटर बंद करून फोकस हातानं फिरवला. दुकानदार म्हणाला तशी सवय झालीच शेवटी.

काडीनं हलकेच डिवचलं तर तिनं डोक्यामागून दोन ओली लाल शिंगं बाहेर काढली, उग्र वास सोडला आणि शिंगं पुन्हा आत घेतली. त्या दीड सेकंदात एकच फोटो मिळाला. शिंगांची लाली, पाठीवरचा खोटा डोळा, पानाच्या कुरतडलेल्या कडेवरचं दवबिंदूएवढं पाणी, सगळं लखलखीत. जांभळी किनार शोधूनही सापडली नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिला. मी “हं”ची वाट पाहत होते.

“तिऱ्हाईतानं काढला?”

“हो.”

“बरं. त्या अळीला म्हणावं, आमटीपुरती चार पानं तरी ठेव.”