युनिट टेस्टचा निकाल कानांनी वाचताना

कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या, जेयुनिट या जावाच्या साधनातल्या टेस्ट चालवल्या की डोळस सहकाऱ्याला निकाल एका पट्टीच्या रंगावरून कळतो. हिरवी दिसली तर तो पुढच्या कामाला लागतो आणि लाल दिसली तर चूक शोधू लागतो. मी जन्मापासून अंध असून हिंजवडीतील एका कंपनीत जावामध्ये प्रोग्रॅमिंग करतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण पट्टीचा रंग त्याच्या वाचनात येत नाही. टेस्ट लिहिणे आणि चालवणे मला कधीच अवघड गेले नाही. अवघड होते ते निकाल ऐकणे, आणि त्याची घडी बसायला बराच काळ लागला.

मेवन या प्रकल्प बांधणाऱ्या साधनाने टेस्ट चालवल्यावर टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, जो मजकूर येतो, तो नजर फिरवणाऱ्यासाठी रचलेला आहे. जवळजवळ प्रत्येक ओळीच्या आरंभी चौकटी कंसात 'इन्फो' असते. कोड वाचताना एकही कंस सुटू नये म्हणून मी विरामचिन्हांची पातळी 'सर्व' अशी ठेवतो, त्यामुळे कामाचा शब्द येण्याआधी प्रत्येक ओळीत 'लेफ्ट ब्रॅकेट, इन्फो, राइट ब्रॅकेट' ऐकावे लागते. 'टेस्ट्स' हे शीर्षक तर शोभेसाठी अक्षरांमध्ये जागा सोडून छापलेले असते आणि ते 'टी, ई, एस, टी, एस' असे सुटे सुटे कानी पडते. एखादी टेस्ट फेल झाली की त्यात स्टॅक ट्रेसची, म्हणजे चुकीपर्यंत कोणकोणती फंक्शन्स चालली याच्या यादीची भर पडते, आणि त्यातल्या बहुतेक ओळी जेयुनिटच्या व जावाच्या आतल्या वर्गांच्या असतात.

म्हणून मी एक छोटी बॅच फाइल, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहिली. ती मेवनला 'शांत' पर्यायासह चालवते, सगळा मजकूर एका फाइलमध्ये साठवते आणि शेवटी फक्त एक्झिट कोड, म्हणजे काम यशस्वी झाले की नाही हे सांगणारा आकडा, तपासते. कोड शून्य असेल तर उंच स्वराचा एक बीप वाजतो. नसेल तर खालच्या स्वराचा बीप वाजून फेल झालेल्या टेस्टची नावे, अपेक्षित व प्रत्यक्ष मूल्ये आणि आमच्या पॅकेजचे नाव असलेली स्टॅक ट्रेसमधली पहिली ओळ, एवढेच नोटपॅडमध्ये उघडते. टर्मिनलपेक्षा नोटपॅड मला सोयीचे वाटते, कारण तिथे बाणांच्या कळांनी हवे तितके मागेपुढे जाता येते आणि वाचता वाचता खालून नवा मजकूर येऊन धडकत नाही.

एकच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवायची असेल तेव्हा मी एक्लिप्स हे कोड लिहिण्याचे साधन वापरतो. त्याच्या खिडक्या एसडब्ल्यूटीवर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या घटकांवर बांधलेल्या असल्याने जेयुनिटच्या निकालाचा वृक्ष एनव्हीडीए नीट वाचतो. 'फक्त फेल झालेल्या दाखवा' हा पर्याय चालू ठेवला की यादी आटोपशीर होते. आमच्या संघातील इतर सर्वजण इंटेलिजे हे तशाच प्रकारचे साधन वापरतात. ते स्विंगवर, म्हणजे जावाने स्वतः रंगवलेल्या घटकांवर, आधारलेले असल्याने स्क्रीन रीडरला जोडून देणाऱ्या जावा ॲक्सेस ब्रिजच्या मध्यस्थीशिवाय वाचले जात नाही, आणि ती मध्यस्थी मला अजून पुरेशी भरवशाची वाटलेली नाही.

निकाल ऐकण्याच्या गरजेतून माझी टेस्ट लिहिण्याची पद्धतही बदलली. एक अख्खा जेसन, म्हणजे फील्डचे नाव आणि मूल्य अशा जोड्यांत मांडलेला मजकूर, दुसऱ्याशी ताडून पाहणारी टेस्ट फेल झाली, तर पडद्यावर दोन लांबलचक मजकूर येतात. डोळस माणूस ते शेजारी शेजारी ठेवून पाहतो, पण मला पहिला संपूर्ण लक्षात ठेवून दुसरा ऐकावा लागतो. त्यामुळे मी प्रत्येक फील्ड वेगळे तपासतो, त्या सगळ्या तपासण्या 'असर्ट-ऑल'मध्ये गुंफतो, म्हणजे पहिल्याच चुकीवर गाडी थांबत नाही, आणि प्रत्येकीला फील्डचे नाव सांगणारा संदेश जोडतो. कोड तपासणाऱ्यांना हा प्रारंभी शब्दांचा पसारा वाटला होता.

पुढे पत्त्यांच्या मॉड्यूलमध्ये एक टेस्ट फेल होऊ लागली. (पुण्याच्या पत्त्यांत 'मारुतीच्या देवळामागे' हाही पत्त्याचाच भाग असतो, पण ते दुखणे निराळे.) खडकवासल्याजवळच्या गोऱ्हे बुद्रुक या गावाचे नाव अपेक्षित होते आणि प्रत्यक्षातही 'गोऱ्हे बुद्रुक' हेच मिळाले होते. सहकाऱ्याने एक्लिप्सच्या तुलनेच्या खिडकीत दोन्ही नावे पाहिली. फरकाची जागा ठळक केलेली होती, परंतु तिथली अक्षरे त्याला अगदी सारखी दिसत होती. मलाही ती सलग ऐकताना सारखीच वाटली. एनव्हीडीएमध्ये न्यूमरिक कीपॅडवरील २ ही कळ तीनदा दाबली की अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीतला क्रमांक, ऐकू येतो, म्हणून मी दोन्ही नावे त्या रीतीने तपासली. टेस्टमधल्या नावात ०९३१ हा 'ऱ' आणि त्याला हलन्त होता; डेटाबेसमध्ये मात्र ०९३० हा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे २००डी, म्हणजे अदृश्य असा शून्य रुंदीचा जोडक होता. चंद्रकोरीसारखा रफार दोन्ही रीतींनी उमटतो, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची रीत, या दोहोंना एक करत नाही.

आम्ही नाव साठवण्यापूर्वी दुसरे रूप पहिल्यात बदलणारे फंक्शन लिहिले आणि दोन्ही रूपे तपासणारी टेस्ट जोडली. त्या टेस्टच्या संदेशात मी प्रत्येक अक्षराचा क्रमांकही छापला. तो छापणारे साहाय्यक फंक्शन संघाच्या सामायिक कोडमध्ये हलवावे, अशी सूचना तपासणीत आली आणि त्याच आठवड्यात ते हलवले गेले. संदेश लांब असल्याची तक्रार या वेळी कोणी केली नाही.