वानवडीला जाऊ नका, डेक्कन कॉलेजला जा

पहिल्या महायुद्धातलं पुण्याचं लष्करी इस्पितळ बघायला निघणाऱ्यांना आधी एकच सांगतो: वानवडीला जाऊ नका. आमच्या ग्रुपवर जो नकाशा फिरत होता त्यात खूण थेट कमांड हॉस्पिटलवर केलेली होती आणि खाली 'आत जाता येते' असं ठोकून दिलं होतं. आत जाता येत नाही. गेटवरच्या जवानाने पेशंटचं नाव विचारलं, पेशंट नाही म्हटल्यावर शांतपणे परतीचा रस्ता दाखवला. बरोबरच केलं त्याने. ते चालू इस्पितळ आहे, आपण तिथे कशाला कडमडायचं?

ही गफलत होते कशी ते समजण्यासारखं आहे. पुण्यात 'मिलिटरी हॉस्पिटल' म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात वानवडीच येते. आर्टिफिशियल लिंब सेंटर तिकडेच, पण ते १९४४ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी काढलेलं. लष्कराचं वैद्यकीय कॉलेज, म्हणजे एएफएमसी, तर १९४८ ची. १९१६ चं 'डेक्कन वॉर हॉस्पिटल' शोधायचं असेल तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येरवड्याला, डेक्कन कॉलेजात जावं लागतं. डेक्कन जिमखान्यावर नव्हे. हेही सांगून ठेवलेलं बरं.

वानवडीहून येरवड्याला रिक्षा केली तिथे दुसरा फटका. "काका, तिकडनं रिटर्न भाडं मिळत नाही, मीटर परवडत नाही," म्हणत पठ्ठ्याने साडेतीनशे मागितले. मीटरने याच्या निम्म्याच्या आत काम झालं असतं. मेहुणे म्हणाले, जाऊ दे, ऊन चढतंय. गेले पैसे. तुम्ही मेट्रोने येरवडा स्टेशनला उतरा आणि तिथून पुढचा छोटा टप्पा रिक्षाने करा. मीटर टाकत नसेल तर सरळ दुसरी रिक्षा बघा, तिथे रिक्षांना तोटा नाही.

डेक्कन कॉलेज मात्र सगळा वैताग वसूल करतं. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा म्हणून निघालेली ही संस्था १८६८ मध्ये या दगडी इमारतीत आली. टिळक, आगरकर, राजवाडे इथलेच. हे सगळे सांगतात. महायुद्धात हीच इमारत लष्कराने इस्पितळासाठी घेतली होती, हे क्वचितच कोणी सांगतं. आत शिरल्यावर दवाखान्याची एकही खूण डोळ्यांत भरत नाही, त्यामुळे घरून वाचून गेला नाहीत तर एक छान जुनं कॉलेज बघून परत याल. लोक मराठा इतिहासाच्या संग्रहालयात तासभर काढतात. तुम्हीही काढा, पण मी त्यावर लिहीत बसत नाही.

वाचून काय जायचं? मेसोपोटेमिया. आजचा इराक. तिकडे लढायला गेलेल्या डिव्हिजनचं नावच 'सहावी पूना' होतं. जनरल टाउनशेंड तिला घेऊन बगदादच्या रोखाने निघाला, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला अडला, माघारी येऊन कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडला आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसांसह तुर्कांना शरण गेला. टेसिफोनच्या जखमींना टायग्रिसवरून बोटीच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने बसऱ्याला आणलं. तिथे हॉस्पिटल जहाजावर असलेल्या मेजर कार्टर या डॉक्टरने या मोहिमेच्या चौकशी आयोगापुढे जे सांगितलं ते वाचून माझा घास अडकला होता. लांबून त्याला वाटलं, बोटीच्या कडेला दोर लोंबताहेत. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. जखमींना हलताच येत नव्हतं. १९१७ मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि लंडनमध्ये गदारोळ उडाला.

बसऱ्याहून जहाजं मुंबईला लागत आणि तिथून आगगाडी घाट चढून पुण्याला. रेल्वे, छावणी आणि मुंबईपेक्षा बरी हवा, तिन्ही गोष्टी पुण्यात होत्या. गोळी लागलेल्यांबरोबरच उष्माघात, कॉलरा आणि आमांशाचे रोगी मेसोपोटेमियातून येत. गोऱ्या पलटणींत बेरीबेरी, हिंदी पलटणींत स्कर्व्ही, दोन्ही जीवनसत्त्वांच्या अभावाचे रोग. दोघांच्या शिध्यातली खोट वेगळी. त्या उंच छताखाली उभं राहून एवढं आठवलं तरी पुरे.

आता खरा त्रास. तिथून खडकीच्या वॉर सिमेट्रीला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या दफनभूमीला, 'रमतगमत चालत जा' असा सल्ला त्याच नकाशात होता. हा सल्ला देणारा स्वतः कधी चाललेला नाही, हे मी लिहून देतो. बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअर पलटणीच्या आवाराच्या बाजूने जाताना सावली असेल तिथे चालणं सुसह्य आहे, तिथे कॅमेरा मात्र पिशवीत ठेवा. पण होळकर पूल! जुना, अरुंद, आणि त्यावर खडकीची सगळी रहदारी. पायी माणूस म्हणजे तिथे अडगळच. मागून टेम्पोचा हॉर्न, पुढून उलट्या बाजूने घुसलेली स्कूटर, कोपर कठड्याला घासतंय आणि तोंडात धूर. मेहुण्यांचा चष्मा पडला, तो उचलायला वाकायची सोय नव्हती. मागचा दुचाकीवाला थांबला म्हणून वाचला. मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा पूल पायी ओलांडू नकाच. डेक्कन कॉलेजहून रिक्षा करा, जास्त मागितले तरी द्या. हो, वर रिक्षावाल्यावर चिडून झाल्यावर हे लिहितोय, तरी सांगतो.

सिमेट्री मुळा रोडवर आहे. हिरवळ अशी राखलेली की चप्पल काढावीशी वाटते. इथेही फसायला होतं: समोर दिसणाऱ्या १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत. आपल्याला हवी ती माणसं '१९१४-१९१८' च्या स्मारकावर आहेत, १,८०० च्या वर नावं. भारत-पाकिस्तानातल्या ज्या दफनभूमींत थडग्यांची निगा राखणं शक्य राहिलं नाही, तिथल्यांची. त्यात ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून इथे आणलेले. सगळे पुरुषच असतील असं वाटत असताना एमी ओ'ग्रेडी हे नाव सापडलं. ही ऑस्ट्रेलियन नर्स, ऑगस्ट १९१६ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेली.

एखादं ठरावीक नाव बघायचं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर आधीच शोधून फलकाचा क्रमांक लिहून न्या, नाहीतर उन्हात मान वाकडी करून सगळे फलक वाचत बसाल. टोपी आणि पाणी न्या. परतताना पूल पुन्हा ओलांडायची गरज नाही, मुळा रोडने वाकडेवाडीकडे या, शिवाजीनगरची बस मिळते.