जुन्या पेट्रोल इंजिनाला टर्बो: आधी तेल, मग बूस्ट

चोर्ला घाटात जुनी गाडी धापा टाकते आणि डोक्यात टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) शिरतो. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपवर) बसवायचा फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, बेळगावात उद्यमबागेत करून मिळेल. अडतं ते तेलापाशी. ऑइल प्रेशर स्विचपाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून टर्बोला तेल द्या. पण परतीचा पाइप आतून किमान १५ मिमी, सरळ उताराचा आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. नाहीतर तेल तुंबतं, सीलमधून गळतं, सायलेन्सर निळा धूर ओकतो. बोल मात्र टर्बोला.

कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ९.५ च्या आसपास असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ०.३-०.४ बारवर थांबवा. बूस्टमध्ये हवा-पेट्रोल प्रमाण ११.५ ते १२, आणि दर ०.१ बारला इग्निशन (ठिणगीची वेळ) दीडेक अंश मागे. नॉकिंगकडे (मिश्रण अवेळी पेटून होणाऱ्या ठकठकीकडे) कानाडोळा केलात, तर पिस्टनच्या रिंगांमधली कडच तुटते.