पहिला घास

रविवारी वालाचं बिरडं जरा जास्तच झालं. चार वाजेतो पोट असं टम्म, की टिचकी मारली तर डग्ग्यासारखं वाजावं. आमच्याकडे याला 'गुबारा धरला' म्हणतात. गॅसेस हा शब्द फार नंतर आला. कपाटातून हिंगाष्टकाची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि थेट आजीच्या पदराचा वास आला.

विकतचं चूर्ण आजी उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. त्यातही खड्याचा; पुडीतल्या हिंगात कणीकच जास्त, हे तिचं मत आता माझंही आहे. कढल्यात तूप तापलं की ती खडा सोडायची. तो तडतडत लाहीसारखा फुलायचा. पोटफुगीवरचं औषध आधी स्वतःच फुगतं, याचं मला भारी हसू यायचं. मग खलबत्ता, मग वस्त्रगाळ, आणि घरभर शिंकाच शिंका. एकदा ओळखीच्या वैद्यांनी सांगितलं, ''ग्रंथात अजमोदा म्हटलंय, ओवा नव्हे.'' आजी म्हणाली, ''मग त्यांना अजमोदा वाढा.''

पानावर बसलं की पहिल्या घासाला तूपभात आणि त्यात चिमूटभर चूर्ण. पहिल्याच. मी एकदा जेवण उरकल्यावर मागितलं तर म्हणाली, ''भात शिजल्यावर चूल पेटवतात का रे?'' तान्ह्यांना मात्र ही शिस्त नव्हती. त्यांच्या बेंबीभोवती उगाळलेल्या हिंगाचा लेप, की मग रडणं थांबेतो सगळे श्वास रोखून. वरचा आवाज बंद होऊन खालून आला की आजी विजयी मुद्रेने हात धुवायला उठायची.

परवा मी चूर्ण घेतलं ते चार वाजता, कोमट पाण्याबरोबर, उभ्या उभ्या. बघायला कोणी नव्हतं.

शेवटच्या वर्षी आजीचं जेवण दोन घासांवर आलं होतं. पोट सारखं भरल्यासारखं वाटतं, म्हणायची. डॉक्टरांचं नाव काढलं की, ''वात आहे रे, वयच आहे ते.'' पहिल्या घासाचा नेम तिने तेव्हाही चुकवला नाही. आम्हीही तूप वाढत राहिलो.

वात नव्हता तो.