मावशीने दिलेली प्रोबायोटिकची डबी

मला ल्युपस (इम्यून सिस्टीम, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा, आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे हे कळल्यापासून जो तो मला पोट सुधार म्हणून सांगतोय. मावशीने तर प्रोबायोटिक कॅप्सूलची डबीच हातात ठेवली, "चांगले बॅक्टेरिया असतात गं यात, घे मुकाट्याने." आधी वैतागलेच, सांधे दुखतायत, गारठ्यात बोटं पांढरीफटक पडतात, यात पोटाचा काय संबंध? पण सहज वाचायला बसले आणि त्यातच अडकले.

२०१८ साली येल विद्यापीठात मार्टिन क्रीगल यांच्या टीमने दाखवलं की एन्टरोकॉकस गॅलिनारम नावाचा आतड्यातला जंतू, ल्युपसकडे कल असलेल्या उंदरांमध्ये आतड्याची भिंत ओलांडून थेट लिव्हरमध्ये जातो आणि तिथे इम्यून सिस्टीमला चिथावतो. त्या जंतूविरुद्ध लस टोचली की उंदीर जास्त जगले. ल्युपसच्या काही पेशंटच्या लिव्हर बायोप्सीतही तो सापडला, हे वाचून मात्र जरा चरकलेच.

त्याच वर्षी त्यांचंच आणखी एक काम आलं, ते वाचताना मी उठून माझी फाईल काढली. माझ्या रिपोर्टवर 'एसएसए/रो-६०' या ओळीपुढे तीन प्लस आहेत, म्हणजे त्याविरुद्धच्या अँटीबॉडी माझ्या रक्तात भरपूर आहेत. रो-६० हे आपल्याच पेशींमधलं प्रोटीन, आणि जवळपास तसंच प्रोटीन आपल्या अंगावरच्या, तोंडातल्या, आतड्यातल्या काही बॅक्टेरियांकडेही असतं. म्हणजे शरीर आधी बॅक्टेरियाच्या प्रोटीनवर चिडतं आणि मग ओळखीत घोळ होऊन आपल्याच पेशींवर उठतं, असं होत असू शकतं. बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन (म्हणून बघा एका दमात!) हा एकच जंतू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडला तर त्यांच्यात रो-६० विरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या.

हे सगळं वाचून झाल्यावर डबी उलटी करून लेबल बघितलं, तर त्यावर लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी! २०१९ च्या एका अभ्यासात नेमका याच जंतूने ल्युपसवाल्या उंदरांचा आजार वाढवला होता, आणि न पचणारा स्टार्च खायला दिल्यावर आजार कमी झाला होता. आता उंदीर म्हणजे मी नाही हे मान्य, पण 'चांगले बॅक्टेरिया' हा शब्द मला तेव्हापासून खटकतो, कोणाच्या पोटात चांगले ते आधी सांगा ना.

डॉक्टरांना लेबलचा फोटो दाखवला. ते म्हणाले हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (माझं ल्युपसचं औषध) एकही दिवस चुकवू नका, बाकी हे राहू द्या. तेवढ्यापुरतं माझं समाधान झालं.

काल मावशीचा फोन होता, "संपली का गं डबी? दुसरी पाठवते." मी म्हटलं अजून आहेत थोड्या.