चमचे होते

कॅन्टीनच्या सूचनापेटीत मी टाकलेली पहिली चिठ्ठी दोनच वाक्यांची होती. चमचे नाहीत. काहीतरी करा. खाली नाव नाही, तारीख नाही, नुसता राग. त्या दिवशी ट्रे घेऊन चमच्यांच्या डब्यापाशी गेले तर डबा रिकामा, मागे ही एवढी रांग, दहा मिनिटांत पुढचं लेक्चर, आणि शेवटी मी पातळ पदार्थ काट्याने खायचा प्रयत्न केला, तो कसा झाला ते विचारू नका.

आठवड्याभराने पेटीच्या वरच्या बोर्डावर उत्तर लागलं. हिरवी शाई, जरा तिरकं अक्षर. "चमचे होते. शोधतोय. तुमच्या खोलीतही एकदा बघाल का?"

असला संताप आला मला. मी मैत्रिणीला हाताला धरून बोर्डापर्यंत नेलं, बघ कसं बोलतात हे लोक, वगैरे वगैरे. मग खोलीवर आले, पेन घ्यायला टेबलाशी गेले तर पेनस्टँडमध्ये तीन चमचे. तिन्ही कॅन्टीनचे. मी चोरले नव्हते हो. ते आले होते. आजारी मैत्रिणीसाठी डबा नेला त्यात एक आला असणार, एक परीक्षेच्या रात्री, आणि तिसऱ्याचं मला आजही सांगता येणार नाही.

चमचे असे आपोआप चालत जातात याचा रीतसर अभ्यास झालाय हे मला फार नंतर कळलं. मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी आपल्याच संस्थेच्या चहाच्या खोल्यांमधे ७० चमच्यांवर गुपचूप नंबर घालून ठेवले आणि पाच महिने मोजत बसले. ५६ गेले. चमच्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे गायब व्हायला लागणारा काळ, हो, किरणोत्सर्गी पदार्थांचं असतं तसलंच, ८१ दिवस निघालं. हे २००५ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे छापून आलं. खोली जितकी सगळ्यांची तितके चमचे लवकर पळतात असंही त्यात दिसलं, म्हणजे कॅन्टीनला तर काही आशाच नाही. (दुसऱ्या अर्थाचे चमचे कुठल्याच संस्थेत कधी कमी पडत नाहीत, त्यांचं अर्धायुष्य कुणीतरी मोजायला हवं.)

तर पुढच्या वर्षी मला कॅन्टीन कमिटीवर घेतलं. घेतलं म्हणजे बाकी कुणी हात वर केला नाही. दर शुक्रवारी दुपारी गर्दी ओसरली की काका, म्हणजे हिरव्या शाईवाले मॅनेजर, पेटीचं कुलूप काढायचे आणि सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर उलट्या करायचे. मी वाचायचे, ते ऐकत चष्मा पुसायचे. निम्म्या चिठ्ठ्या मिठाच्या. एकाच दिवशी, एकाच भांड्यातल्या पदार्थाबद्दल, एक म्हणतो खारट आहे आणि दुसरा म्हणतो अळणी आहे, दोघांचं अक्षर सारखंच चिडलेलं. व्यक्ती तितक्या प्रकृती हे शाळेत फळ्यावर वाचलं होतं, इथे लेखी पुरावा हातात. मला वाटलं आता काका काय उत्तर देणार याला. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावल्या आणि खाली एकच ओळ लिहिली: "आपण दोघांनी एका टेबलावर बसून ठरवावं, मी तसं करतो." आणि मग मला म्हणाले, "अगं, मीठ नंतर टाकता येतं, काढता नाही येत, म्हणून हात आखडता ठेवायचा आणि टेबलावर मीठदाणी ठेवायची." पुढच्या शुक्रवारी चिठ्ठी आली की मीठदाणीतलं मीठ ओलं झालंय, पडत नाही.

दुसरा प्रकार ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा. "बहुसंख्य विद्यार्थ्यांची तीव्र भावना आहे की कोपऱ्यातल्या खिडकीजवळच्या टेबलापाशी चार्जिंग पॉइंट असावा." आता त्या टेबलावर रोज कोण बसतं हे अख्ख्या कॅन्टीनला माहीत. स्वतःसाठी काही मागताना माणसाला एवढं का अवघडतं कळत नाही, पण अवघडतं खरं, लगेच "सर्वांच्या वतीने" होऊन जातं. मीही केलंय. चमच्यांची ती चिठ्ठी एकटीची वाटू नये म्हणून "आम्हाला" असं लिहून मग मी ते खोडलं होतं.

आणि "संपलं" च्या चिठ्ठ्या. ह्या मला बाहेरून सगळ्यात न्याय्य वाटायच्या, कारण उशिरा येणाऱ्यांत मी पहिली. एवढं मोठं कॅन्टीन आणि अंदाज येत नाही यांना? काकांनी एकदा मला सकाळी बोलावून घेतलं आणि विचारलं, सांग, आज किती जणांचं करू? मी म्हटलं काल किती झालं होतं? कालचं उपयोगाचं नाही, म्हणाले, काल एका वर्गाचं लेक्चर रद्द झालं, ती सगळी पोरं बारालाच येऊन बसली, आज पाऊस आहे म्हणजे बाहेर कुणी जाणार नाही, पण परवा सबमिशन आहे म्हणजे अर्धे लोक जेवणारच नाहीत. जास्त केलं तर उरतं, कमी केलं तर चिठ्ठी. सकाळीच करून ठेवावं तर गरम पदार्थ ६० अंशांच्या वर गरमच ठेवावा लागतो, शिजवलेलं अन्न नुसतं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं आरोग्यवाले सांगतात, आणि तसं गरम ठेवत राहिलं की त्याचा लगदा होतो, मग लगद्याची चिठ्ठी येते. मी एक आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि मनातलाच काहीतरी आकडा आत जाऊन सांगितला. त्या दिवशी सव्वादोनला पदार्थ संपला आणि मी सांगितलेला आकडा ऐकला असता तर साडेबारालाच संपला असता. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मला त्या दिवसापासून शेळीच्या बाजूने ऐकू येते.

तरी खाणारे इतके चिडतात का, याचं उत्तर मला एका अर्थशास्त्रज्ञाकडे सापडलं. आल्बर्ट हर्शमन. १९७० मधे त्यांनी मांडलं होतं की गिऱ्हाईक नाराज झालं की त्याच्यापुढे दोन रस्ते असतात, निघून जायचं नाहीतर बोलायचं. बाजारात माणूस मुकाट्याने दुसऱ्या दुकानात जातो, दुकानदाराला कळतही नाही काय चुकलं. पण विद्यापीठाच्या कॅन्टीनमधून जाणार कुठे? दोन लेक्चरच्या मधे तेवढंच जवळ. जाता येत नाही म्हटल्यावर सगळी वाफ बोलण्यातून निघते.

आणि चिठ्ठीची सोय नसेल तर कशी निघते त्याला इतिहासात उदाहरणं आहेत. ऑक्सफर्डमधे १० फेब्रुवारी १३५५ ला विद्यापीठाची काही मंडळी स्विंडलस्टॉक नावाच्या गुत्त्यात बसली होती, त्यांनी वाईन बेकार असल्याचं सांगितलं, मालकाने उद्धट उत्तर दिलं, त्यांनी वाईन त्याच्या तोंडावर फेकली. एवढंच. पुढे गाव विरुद्ध विद्यापीठ अशी दंगल पेटली, विद्यापीठाकडची साधारण ६३ आणि गावातली ३० च्या आसपास माणसं मेली, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून गावाचा महापौर दर वर्षी मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पेनी भरत राहिला, थेट १८२५ पर्यंत. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मालकाने उद्धट उत्तर द्यायला नको होतं."

हार्वर्डचं प्रकरण त्यामानाने हसण्यावारी गेलं. १७६६ मधे तिथे लोणी खवट यायचं, तर एसा डनबार नावाच्या विद्यार्थ्याने भर जेवणघरात उभं राहून, बायबलच्या थाटात, पाहा आपल्या लोण्याला वास येतोय, आम्हाला वास न येणारं लोणी द्या, असं सांगितलं आणि सगळी पोरं उठून बाहेर, न्याहारी गावात जाऊन केली. हा डनबार म्हणजे पुढच्या काळातल्या हेन्री डेव्हिड थोरोचा आजोबा, आईचे वडील. मला त्या मागणीचं वाक्य म्हणून फार कौतुक वाटतं. काय बिघडलंय आणि काय हवंय, दोन्ही त्यात आहे. "काहीतरी करा" असं त्याने म्हटलं नाही.

कॅन्टीनला लागून दुकान होतं, वह्या, पेनं, साबण, बॅटरीचे सेल असलं सगळं, आणि तिथे पेटी नव्हती, मागणीची वही होती, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट. ताई रोज संध्याकाळी त्यात प्रत्येक मागणीपुढे लिहायच्या. आणते. नाही आणणार. आहे, खालच्या कप्प्यात बघा. ("आहे" ची उत्तरं सगळ्यात जास्त, लोक गुडघ्याच्या खाली बघतच नाहीत.) मी एकदा जांभळ्या शाईच्या रिफिली मागितल्या तर त्यांनी ड्रॉवर उघडून एक खोका दाखवला. कुणीतरी आधी अशीच मागितलेली बारीक टोकाची रिफिल, सुटी मिळत नाही म्हणून डझनाचा खोका आणलेला, मागणाऱ्याने एक नेली आणि उरलेल्या अकरा वाळत पडल्या होत्या. मी म्हटलं नको मग. पण माझ्या एका डावखुऱ्या मैत्रिणीने कात्री मागितली तेव्हा वहीत उत्तर होतं: "एकच मागवली आहे. नेली नाही तर मला डावखुरं व्हावं लागेल." मैत्रीण धावत गेली. तिला कात्रीची खरं तर एवढी काही गरज नव्हती, पण त्या वाक्यानंतर न नेणं शक्यच नव्हतं.

असल्या उत्तरांचं एक पुस्तक जपानमधे प्रचंड खपलं होतं, हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. तिथल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची सहकारी दुकानं असतात, त्यात "हितोकोतो कार्ड", म्हणजे तुमचे दोन शब्द लिहायचं कार्ड, आणि टोकियोच्या कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातला एक कर्मचारी या कार्डांना इतकी सभ्य आणि मिश्कील उत्तरं द्यायचा की पोरं मुद्दाम वाट्टेल ते मागायला लागली. एकाने चक्क गाय ठेवा म्हणून मागितली. २००५ मधे ती उत्तरं पुस्तकरूपात आली. गाय अर्थातच मिळाली नाही. पण नाही म्हणायला एक माणूस बसला, विचार केला, पेन उघडलं.

हे मला कळलं ते काका महिनाभर रजेवर गेले तेव्हा. त्यांच्या जागी पेटी ऑफिसने सांभाळली आणि प्रत्येक चिठ्ठीखाली टाइप केलेली एक पट्टी यायला लागली: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. मीठ, चमचे, चार्जिंग, पंख्याचा आवाज, सगळ्यांना एकच. वाटाण्याच्या अक्षता, त्याही छापील. पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या दुप्पट आल्या, एकात तर फक्त "कुणी घेतली नोंद?" एवढंच. दुसऱ्या आठवड्यात कमी. चौथ्या शुक्रवारी पेटीत एक च्युइंगमचा कागद. कमिटीच्या मीटिंगमधे ऑफिसच्या साहेबांनी समाधानाने सांगितलं की तक्रारी जवळजवळ शून्यावर आल्यात, आणि ते मिनिट्समधे लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं. "तक्रारी" खोडून "चिठ्ठ्या" केलं, साहेबांनी परत "तक्रारी" केलं.

काका आले, हिरवी शाई आली, आणि दोन शुक्रवारांत टेबल परत भरलं. खारट, अळणी, ओलं मीठ. ते इतके खूश झालेले मी त्याआधी बघितले नव्हते, चष्मा न पुसताच वाचायला लागले.

अलीकडे त्याच कॅन्टीनमधे जाणं झालं. पेटी नाही. दाराशी क्यूआर कोड आणि एका स्टँडवर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, जाता जाता एक दाबायचा. पाच पायऱ्यांची ही कल्पना रेन्सिस लिकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मधे मांडलेल्या मोजपट्टीची, तेव्हा ती नवी काही नाही आणि वाईट तर मुळीच नाही, हजार लोकांचा कल एका दिवसात कळतो, काका हजार चिठ्ठ्या वाचू शकले नसते. पण मी तिथे उभी राहून विचार करत बसले की मीठ जास्त आहे हे कुठल्या चेहऱ्याने सांगायचं. मागचा मुलगा म्हणाला, "ताई, दाबताय का?" मी मधला दाबला.

ते तीन चमचे राहिले. त्यातले दोन मी तेव्हाच परत केले होते, पेटीच्या फटीतून जात नव्हते म्हणून कागदात गुंडाळून संध्याकाळी पेटीच्या वर ठेवले, चिठ्ठी न लिहिता, आणि पळाले. सोमवारी बोर्डावर हिरव्या शाईत होतं: "दोन मिळाले. आभार. बाकीचे?"

आता त्यांनी ते सगळ्यांसाठीच लिहिलं असणार, ७० असोत की ५६, पण मी त्या ओळीखालून महिनाभर मान खाली घालून ये-जा केली. तिसरा माझ्या साखरेच्या डब्यात आहे.