तुम्ही विचारलंत म्हणून : तो विचार न करता ग्रेनेडवर झोपला का?

वर्गात जेसन डनहॅम या अमेरिकन सैनिकाची गोष्ट सांगितली की हा प्रश्न येतोच, आता तर पालकपण विचारायला लागलेत, की बाई, जिवंत ग्रेनेडवर कुणी अंग टाकतो म्हणजे त्या सेकंदाला त्याचं डोकं बंदच पडलेलं असणार ना?

नाही हो. डोकं चालू होतं, आणि कितीतरी दिवस आधीपासून चालू होतं.

जेसन न्यूयॉर्क राज्यातल्या सायो नावाच्या लहानशा गावचा, शाळेत बास्केटबॉल-बेसबॉल खेळणारा पोरगा. जन्म १० नोव्हेंबर १९८१, आणि तो ज्यात भरती झाला त्या अमेरिकन मरीन कोरचा, म्हणजे समुद्रमार्गे जाऊन लढणाऱ्या सैन्यदलाचा, वाढदिवस पण १० नोव्हेंबरच. २००४ मध्ये तो इराकमध्ये होता, सिरियाच्या सीमेला लागून हुसैबा आहे तिथं, हुद्दा कॉर्पोरल, एका स्क्वॉडचा म्हणजे छोट्या तुकडीचा लीडर, वय फक्त २२. त्याची नोकरीची मुदत त्याच वर्षी संपणार होती पण त्यानं आपणहून ती वाढवून घेतली, कारण हाताखालची पोरं तिथंच राहणार आणि आपण एकटं घरी जायचं हे त्याला पटेना, सगळ्यांना जिवंत परत न्यायचं होतं त्याला. ते युद्ध व्हायला हवं होतं की नको हा वाद वेगळा, माझं त्यावर मत आहे, पण या पोराकडं बघताना मी ते बाजूला ठेवते.

तर बराकीत यांच्या गप्पा चालायच्या, ग्रेनेड पायाशी पडला तर काय करायचं. जेसनचं म्हणणं, वर हेल्मेट दाबून धरलं तर स्फोट अडेल. बाकीच्यांना खात्री नव्हती. मला त्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त आत लागतो.

१४ एप्रिलला कमांडरच्या ताफ्यावर हल्ला झाला, हे मदतीला निघाले, वाटेत गाड्या तपासताना एकातून माणूस उडी मारून आला आणि त्यानं जेसनचा गळाच धरला. झटापट सुरू, दोन साथीदार धावले, तेवढ्यात जेसन ओरडला की त्याच्या हाताकडं बघा. ग्रेनेड खाली पडला. जेसननं हेल्मेट काढून त्यावर दाबलं आणि वर स्वतः पडला. ते दोघं जखमी झाले पण वाचले.

जेसन आठ दिवस होता. मेंदूत तुकडे गेलेले. अमेरिकेत बेथेस्डाच्या नौदल हॉस्पिटलमध्ये आणलं, आईवडील उशाशी होते, मशीन काढायचं हे त्यांना ठरवावं लागलं, २२ एप्रिलला गेला. इथं मला वर्गात दरवेळी थांबावं लागतं.

११ जानेवारी २००७ ला व्हाइट हाउसमध्ये त्याच्या आईवडिलांच्या हाती मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं शौर्यासाठीचं सर्वोच्च लष्करी पदक, दिलं, इराक युद्धात ते मिळालेला तो पहिला मरीन. नंतर नौदलाच्या एका विनाशिकेला त्याचं नाव दिलं, ती २०१० मध्ये सेवेत आली.

परवा सातवीतल्या एका मुलानं विचारलं, बाई, मग हेल्मेटनं अडवला का स्फोट? म्हटलं नाही रे बाळा, हेल्मेटच्या चिंध्या झाल्या.